भरतीचे बंदर आणि गाळाचा हिशेब

कोलरिज या इंग्रज कवीची एका वृद्ध खलाशावरील दीर्घ कविता आपल्याकडील अनेक पिढ्यांनी शाळा-महाविद्यालयांतून अभ्यासली आहे. १७९७ च्या नोव्हेंबर महिन्यात कोलरिज, वर्ड्‌स्वर्थ आणि वर्ड्‌स्वर्थची बहीण डोरोथी ही तिघे इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यात पायी प्रवासास निघाली असता या कवितेची कल्पना आकारास आली. कवितेतील जहाज ज्या बंदरातून निघते, ते बंदर म्हणजे या किनाऱ्यावरील वॉचेट गावचे बंदर होय, असे परंपरेने मानले जाते. २००३ मध्ये गावकऱ्यांनी तेथील धक्क्यावर त्या वृद्ध खलाशाचा पुतळाही उभारला.

प्रस्तुत पाठाचा विषय मात्र काव्य हा नाही. त्याच बंदरातील पाणी आणि त्या पाण्यातील गाळ, हा आपला विषय आहे. मालवाहू जहाजांचे येणे थांबल्यावर वॉचेटच्या लोकांपुढे एक प्रश्न उभा राहिला. दिवसातून दोन वेळा भरणारे आणि दोन वेळा रिते होणारे हे लहानसे बंदर, शिडाच्या होड्या घेऊन हौसेने समुद्रपर्यटन करणाऱ्या पाहुण्या दर्यावर्दींसाठी उपयोगी कसे करावे? त्यांनी योजलेला उपाय शास्त्रीय दृष्ट्या समजण्यास सोपा आहे. त्याचे परिणाम मात्र तितके सोपे ठरले नाहीत. म्हणूनच हे उदाहरण विद्यार्थ्याने लक्षपूर्वक अभ्यासावे असे आहे.

१. भरतीचे बंदर म्हणजे काय?

जगातील मोठी बंदरे बहुधा खोल पाण्यात असतात. ओहोटी कितीही मोठी झाली तरी तेथील जहाजांच्या तळाखाली पाणी शिल्लक राहते. भरतीच्या बंदराची गोष्ट निराळी. भरतीच्या वेळी तेथे होड्या डौलाने तरंगत असतात. आणि सहा तासांनी त्याच जागी जावे, तर पाणी दूर निघून गेलेले, बंदराचा तळ उघडा पडलेला आणि होड्या चिखलात बसलेल्या दिसतात.

ही लय चंद्र आणि सूर्य यांच्या आकर्षणाने ठरते. चंद्राच्या संदर्भात पृथ्वीची एक फेरी पुरी होण्यास सुमारे २४ तास ५० मिनिटे लागतात. म्हणून लागोपाठच्या दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांचे आकर्षण एकाच दिशेने कार्य करते. तेव्हा येते ते उधाण. अष्टमीच्या सुमारास ही दोन आकर्षणे परस्परांस काटकोनात येतात आणि भरती मंदावते. हिला आपले कोळी बांधव भांगाची भरती म्हणतात. भरतीची सर्वोच्च पातळी व ओहोटीची नीचतम पातळी यांमधील उभ्या अंतरास ‘भरतीची कक्षा’ असे म्हणू.

मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी ही कक्षा सुमारे चार मीटर किंवा त्याहून थोडी अधिक असते. एवढ्या कक्षेनेही मुंबईच्या बंदरात दरवाजे असलेल्या गोद्या बांधणे भाग पडले. १८८० मधील प्रिन्सेस गोदी, १८८८ मधील व्हिक्टोरिया गोदी आणि पुढे १९१४ मध्ये पूर्ण झालेली, आज इंदिरा गोदी या नावाने ओळखली जाणारी गोदी, या सर्वांमागील विचार एकच होता: भरतीचे पाणी आत घ्यावे, दार लावावे आणि ओहोटीच्या वेळीही जहाज तरंगते ठेवावे. खंबायतच्या आखातातील भावनगर येथे भरतीची कक्षा दहा मीटरांच्या घरात जाते. तेथेही याच कारणासाठी दरवाजाची गोदी बांधावी लागली.

वॉचेट येथील उधाणाची कक्षा भावनगरसारखीच, दहा मीटरांच्या आसपास आहे. तीन मजली घराच्या उंचीएवढे पाणी दर सहा तासांनी चढते अथवा उतरते, अशी कल्पना केली म्हणजे या आकड्याचा अर्थ ध्यानी येईल.

२. इतकी मोठी भरती का येते?

वॉचेट हे गाव ब्रिस्टल चॅनल नावाच्या समुद्रभागाच्या दक्षिण तीरावर आहे. पश्चिमेकडे अटलांटिक महासागराकडे हा समुद्र रुंद व खोल आहे. पूर्वेकडे सेव्हर्न नदीच्या मुखाकडे तो क्रमाने अरुंद व उथळ होत जातो. महासागराकडून आलेली भरतीची लाट या नरसाळ्यात शिरली, की तिला पसरण्यास जागा उरत नाही. बाजू जवळ येतात, तळ वर येतो आणि पाण्यास वर चढण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

याखेरीज आणखी एक कारण आहे. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत झोके दिले, तर अल्प बळानेही तो उंच जातो. लय सोडून धक्के दिल्यास तेच बळ वाया जाते. ब्रिस्टल चॅनल व त्याबाहेरचा उथळ समुद्र यांतील पाण्याच्या हेलकाव्याचीही एक स्वाभाविक लय आहे आणि ती भरतीच्या साडेबारा तासांच्या लयीच्या जवळपास आहे. म्हणून महासागराचा प्रत्येक धक्का योग्य वेळी पडतो आणि हेलकावा वाढतो. यास अनुस्पंदन असे म्हणतात. चॅनलच्या आतील टोकाशी असलेल्या एव्हनमाउथ येथे मोठ्या उधाणाची कक्षा सुमारे चौदा मीटरांपर्यंत जाते. जगातील अत्यंत मोठ्या भरत्यांमध्ये तिची गणना होते.

पाणी सर्व वेळ एकाच गतीने चढत नाही. दर्यावर्दी लोक यासाठी बारा भागांचा एक सोपा नियम वापरतात. भरतीच्या सहा तासांपैकी पहिल्या तासात एकंदर चढाचा बारावा भाग, दुसऱ्या तासात दोन भाग, तिसऱ्या व चौथ्या तासात प्रत्येकी तीन भाग, पाचव्या तासात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक भाग, असा तो नियम आहे. कक्षा दहा मीटर असेल, तर पहिल्या तासात पाणी केवळ ८३ सेंटिमीटर चढेल. तिसऱ्या तासात मात्र अडीच मीटर, म्हणजे दर मिनिटाला सुमारे चार सेंटिमीटर चढेल. बंदराच्या पायरीवर उभे राहिल्यास पायरीमागून पायरी पाण्याखाली जाताना डोळ्यांना दिसते. असे पाणी वाहताना तळ ढवळून काढते. त्यामुळे चॅनलचे पाणी बहुतेक सदा मातकट, तपकिरी दिसते. ही गोष्ट वाचकाने आताच मनात नोंदवून ठेवावी. पुढे तिचाच विस्तार आहे.

३. मालाचे बंदर आणि पाहुण्यांचे बंदर

वॉचेट हे पुरातन गाव आहे. दहाव्या शतकात उत्तरेकडील व्हायकिंग दर्यावर्दींनी त्यावर हल्ले केले. सॅक्सन राजांच्या काळात येथे नाणी पाडली जात आणि त्यांपैकी काही स्कँडिनेव्हियात सापडली आहेत. एकोणिसाव्या शतकात ब्रेंडन टेकड्यांतील लोखंडाचे खनिज येथवर आणण्यासाठी खास रेल्वेमार्ग बांधण्यात आला आणि ते खनिज चॅनलपलीकडे वेल्समधील भट्ट्यांकडे जहाजाने जाऊ लागले. १८६२ मध्ये लाटरोधक बांधाच्या टोकावर लोखंडी दीपगृह उभे राहिले. पुढे १८८३ मध्ये खाणी बंद पडल्या. १९०० च्या डिसेंबरमधील वादळाने बंदराची व आतील जहाजांची अतोनात हानी केली. गावाने बंदर पुन्हा बांधले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत लहान मालवाहू जहाजे येथे येत राहिली.

या गावाचा खलाशी-वारसाही मोलाचा आहे. जॉन शॉर्ट (१८३९–१९३३) हा येथील खलाशी शिडाच्या जहाजांवर दोर ओढताना म्हणावयाची असंख्य श्रमगीते जाणत असे. लोकसंगीताचे संग्राहक सेसिल शार्प यांनी १९१४ मध्ये त्याच्याकडून पन्नासहून अधिक गीते लिहून घेतली.

विसाव्या शतकाच्या अखेरीस मालाची वाहतूक संपली. लहान जहाजांनी जाणारा माल रस्त्याने आणि मोठ्या बंदरांतून जाऊ लागला होता. बंदर गेले म्हणजे केवळ धक्का ओस पडतो असे नव्हे; खानावळी, दुरुस्तीची दुकाने आणि तरुणांचे काम हेही त्याबरोबर जाते. दुसरीकडे, हौशी दर्यावर्दींची संख्या मात्र वाढत होती. त्यांना रात्रीपुरता सुरक्षित निवारा, गोडे पाणी, इंधन, स्नानगृह, बाजारपेठ आणि होडीतून सुखाने पायउतार होता येईल असा धक्का, एवढ्याच गोष्टी हव्या असतात. या सर्व गोष्टी गाव देऊ शकत होते. उणीव होती ती एकाच गोष्टीची: ओहोटीच्या वेळी पाणी नव्हते.

येथे होडीच्या तळाचा विचार करावा लागतो. शिडाच्या बहुतेक होड्यांच्या तळास मध्यभागी एक खोल, जड कणा असतो. वाऱ्याने होडी कलंडू नये म्हणून तो लागतो. अशी होडी पाणी गेल्यावर आडवी पडते. ब्रिस्टल चॅनलमधील अनेक स्थानिक होड्यांना एकाऐवजी दोन आखूड कणे असतात, त्यामुळे त्या चिखलावर दोन पायांवर उभ्या राहिल्यासारख्या सरळ बसतात. परंतु दुरून येणाऱ्या पाहुण्याची होडी तशी असेलच, असे नाही. म्हणून पाहुणे यावेत असे वाटत असेल, तर बंदरात पाणी टिकविणे आवश्यक होते.

४. पाणी टिकविण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग म्हणजे तळ खोदून बंदर खोल करणे. जेथे कक्षा लहान आहे तेथे हे शक्य असते. दहा मीटरांच्या कक्षेत मात्र खाली कितीही खोदले, तरी बाहेरील समुद्रतळही ओहोटीत उघडाच पडत असल्याने त्या खड्ड्याकडे जाण्यास वाट उरत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे दुहेरी दरवाजांची गोदी. दोन दारांमधील कोठडीत जहाज घेऊन पाण्याची पातळी हळूहळू वर-खाली करता येते. ही व्यवस्था उत्तम, परंतु खर्चाची आहे. लहान गावास ती परवडणे कठीण.

तिसरा मार्ग उंबरठ्याचा. बंदराचा एक भाग भिंतीने वेगळा करावयाचा आणि तिच्यातील वाटेवर ठराविक उंचीचा उंबरठा अथवा खाली-वर होणारे दार ठेवावयाचे. भरतीचे पाणी त्या पातळीच्या वर आले, की वाट खुली होते. ओहोटीत पाणी तेथवर उतरले, की आतील पाणी अडून राहते. आतील धक्के तरंगते असतात. उभ्या खांबांना कड्यांनी जोडलेले असल्याने ते पाण्याबरोबर चढतात व उतरतात, आणि दोर सतत सैल-घट्ट करण्याचा त्रास वाचतो.

उंबरठ्याची उंची ठरविणे हा या योजनेतील खरा कस होय. तो उंच केला, तर आत अधिक खोल पाणी राहते, पण ये-जा करण्याचा अवधी घटतो. तो ठेंगणा केला, तर अवधी वाढतो, पण आतील होड्या तळास टेकू लागतात. उदाहरणार्थ, कक्षा दहा मीटर आणि उंबरठा बरोबर मध्यावर आहे असे मानू. ज्या होडीस उंबरठ्यावर दीड मीटर पाणी हवे, तिला प्रत्येक भरतीच्या सुमारास जवळजवळ पाच तास वाट मोकळी मिळेल. भांगाच्या दिवसांत कक्षा पाच मीटरांवर आली, म्हणजे हा अवधी पावणेचार तासांपर्यंत खाली येईल. पाहुण्याने भरतीचे कोष्टक पाहिल्यावाचून निघू नये, ते याचसाठी.

वॉचेटने हा तिसरा मार्ग स्वीकारला. बंदराच्या एका भागात भिंत व दार बांधून पाणी अडविण्यात आले आणि २००१ मध्ये होड्यांचे नवे विश्रामस्थान सुरू झाले. उरलेल्या बाहेरील बंदरात पूर्वीप्रमाणेच भरती-ओहोटी चालू राहिली.

५. शांत पाणी आणि गाळ

उंबरठ्याने पाणी थांबते. पण थांबलेल्या पाण्यातील माती खाली बसते. सर्व अडचणीचे मूळ येथे आहे.

पाण्यात बुडणाऱ्या बारीक कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, हा नियम स्टोक्स या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात मांडला. व्यास दहापट कमी झाला, तर वेग शंभरपट कमी होतो. या नियमाने पाहता ०.०२ मिलिमीटर व्यासाचा मातीचा कण निश्चल पाण्यात एक मीटर खाली जाण्यास सुमारे पाऊण तास घेईल, ०.००२ मिलिमीटरचा कण तेवढ्याच अंतरास तीन दिवसांहून अधिक वेळ घेईल. रेतीचा कण मात्र एका मिनिटाच्या आत तळ गाठतो.

येथे कोणी म्हणेल, की अतिसूक्ष्म कणांना बसण्यास तीन दिवस लागत असतील, तर ते पुढच्या ओहोटीबरोबर बाहेरच जातील. गोड्या पाण्यात हे बव्हंशी खरे ठरले असते. परंतु समुद्राच्या पाण्यात मीठ आहे. चिकणमातीच्या कणांवर विद्युत्‌भार असतो आणि त्यामुळे ते एकमेकांस दूर सारतात. खाऱ्या पाण्यातील विद्युत्‌भारित कणांमुळे हे प्रतिसारण दुबळे होते. मातीचे कण एकमेकांस चिकटतात, त्यांचे पुंजके बनतात आणि पुंजके एकट्या कणाच्या कितीतरी पट वेगाने खाली बसतात. म्हणून खाडीतील चिखल इतका बारीक असूनही इतक्या लवकर साचतो.

बाहेर समुद्रात हाच गाळ बसतो व पुन्हा उचलला जातो, कारण दर सहा तासांनी प्रवाह त्याला ढवळतो. आतील कुंडात असा प्रवाह नसतो. वारा-लाटांपासून आसरा मिळावा म्हणून तर ते बांधलेले असते. होडीसाठी जी शांतता हवी, तीच गाळालाही मानवते.

६. एक हिशेब

हा गाळ वर्षाकाठी किती होईल? आपण एक काल्पनिक कुंड घेऊ. पुढील आकडे वॉचेटचे नव्हेत. विद्यार्थ्यास रीत कळावी म्हणून ते घेतले आहेत.

कुंडाचे क्षेत्रफळ २ हेक्टर, म्हणजे २०,००० चौरस मीटर आहे. प्रत्येक भरतीस उंबरठ्यावरून सरासरी ४ मीटर उंचीचे पाणी आत येते. म्हणजे आत आलेले पाणी ८०,००० घनमीटर झाले. गढूळ समुद्रातील प्रत्येक घनमीटर पाण्यात अर्धा किलोग्रॅम माती आहे, असे मानू. तर एका भरतीबरोबर ४० टन माती आत येते. त्यांपैकी तीन चतुर्थांश माती ओहोटीबरोबर परत जाते आणि केवळ एक चतुर्थांश, म्हणजे १० टन, आत बसते असे धरू.

वर्षात सुमारे ७०५ भरत्या येतात. म्हणजे वर्षाकाठी ७,००० टनांहून अधिक माती बसेल. ताज्या चिखलाच्या एका घनमीटरात सुमारे अर्धा टन कोरडी माती असते. म्हणून या मातीचा चिखल सुमारे १४,००० घनमीटर होईल. तो २०,००० चौरस मीटरांवर सारखा पसरला, तर थराची जाडी होईल ०.७ मीटर.

एका वर्षात ७० सेंटिमीटर! ज्या कुंडात दोन-अडीच मीटर पाणी राखावयाचे आहे, त्याचा तळ तीन-चार वर्षांत वर येईल. पुढे कुंड उथळ होईल तशी ही गती मंदावेल खरी, पण तोवर होड्यांना पाणी उरलेले नसेल.

आकडे थोडे इकडेतिकडे झाले, तरी निष्कर्ष बदलत नाही. गाळाचे प्रमाण मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते: किती पाणी आत घेतले जाते, आणि ते किती गढूळ आहे. पहिली गोष्ट बऱ्याच अंशी मनुष्याच्या हाती आहे. दुसरी समुद्राच्या हाती. हीच योजना निराळ्या समुद्रात निर्धोक ठरू शकते. गर्न्सी बेटावरील सेंट पीटर पोर्ट येथेही भरतीची कक्षा फार मोठी आहे. तेथील व्हिक्टोरिया कुंडात उंबरठ्याच्या आधाराने पाणी राखून पाहुण्या होड्यांची सोय केली आहे. परंतु ते बेट खडकाळ असून सभोवतालच्या पाण्यात चिखल पुष्कळ कमी आहे. तेथील यश पाहून तीच योजना चिखलाच्या समुद्रात जशीच्या तशी आणणे इष्ट नाही.

वॉचेट येथे हीच अडचण पुढे आली. विश्रामस्थान सुरू झाल्यावर कुंडात गाळ साचत गेला. पाणी उथळ होऊन होड्या चिखलात रुतू लागल्या. गाळ उपसण्याचे काम एकदा करून संपणारे नसून ते अखंड चालवावे लागते, हे अनुभवास आले. ते कोणी करावे, किती करावे आणि त्याचा भार कोणी सोसावा, याविषयी गावात वर्षानुवर्षे चर्चा व वाद झाले. ज्यांनी जागेचे भाडे भरून होडी ठेवली, त्यांस पाणी हवे होते. पण उपशाचा खर्च त्या भाड्यातून भागविणे हे कोणत्याही लहान बंदरास जड जाते. हत्ती घेणे एक आणि त्यास पोसणे दुसरे, ही आपल्याकडील म्हण येथे लागू पडते.

७. जुन्या अभियंत्यांचे उपाय

ही अडचण नवी नाही. वॉचेटपासून फार दूर नसलेल्या ब्रिस्टल शहरात विल्यम जेसप या अभियंत्याने १८०४ ते १८०९ या काळात एव्हन नदीचा मूळ प्रवाह बांधांनी व दारांनी अडवून मोठे तरंगते बंदर निर्माण केले आणि भरतीच्या पाण्यासाठी बाजूने नवा कालवा खोदला. जहाजे चिखलात बसण्याचे थांबले, पण बंदरात गाळ साचू लागला. १८३० नंतरच्या दशकात ब्रुनेल या विख्यात अभियंत्यास त्यावर उपाय सुचविण्यास सांगण्यात आले. पूर्वी जादा पाणी बांधाच्या माथ्यावरून वाहून जात असे. त्यामुळे स्वच्छ पाणी जाई आणि गाळ मागे राही. ब्रुनेलने बांधाच्या तळाशी खोल झडपा बसविल्या आणि तळाचा चिखल खरवडून त्या झडपांकडे ओढून आणणारी नावही योजली. ओहोटीच्या वेळी झडप उघडली, की पाणी वेगाने सुटे आणि चिखल सोबत घेऊन जाई. पाणी वरून सोडण्याऐवजी खालून सोडावयाचे, एवढाच तो बदल. पण त्यामागे निरीक्षण होते. १९७५ मध्ये ब्रिस्टलची ही शहरातील गोदी मालवाहतुकीस बंद झाली आणि आज तेथे पर्यटकांच्या व रहिवाशांच्या होड्या असतात. गाळाचे काम मात्र अद्याप संपलेले नाही.

इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरील रॅम्सगेट येथेही अठराव्या शतकात बांधावयास घेतलेले बंदर गाळाने भरू लागले होते. जॉन स्मीटन या अभियंत्याच्या सल्ल्याने आतील कुंडात भरतीचे पाणी साठवून ते ओहोटीच्या तळाशी झडपांतून जोराने सोडण्याची व्यवस्था करण्यात आली. ज्या भरतीने गाळ आणला, तिच्याच पाण्याकडून तो धुऊन काढण्याची ही युक्ती होय. तिला मर्यादाही आहेत. सोडलेल्या पाण्याचा जोर झडपेजवळ फार असतो, दूर जाता जाता तो ओसरतो. आणि ज्या कुंडात पाहुण्यांच्या होड्या बांधलेल्या आहेत, ते कुंड रिते करून चालत नाही.

आजच्या साधनांत पंपाने चिखल शोषून घेणारी आणि दातेरी बादल्यांनी उपसणारी यंत्रे आहेत. आणखी एका रीतीत पाण्याचा झोत तळाच्या चिखलात सोडून त्याला पातळ करतात व ओहोटीच्या ओढीने बाहेर वाहू देतात. परंतु उपसलेला चिखल टाकावयाचा कोठे, हाही प्रश्न असतो. सेव्हर्न मुखातील चिखलाच्या मैदानांवर असंख्य जलचर पक्षी पोट भरतात. तेथील जीवसृष्टीस बाधा येऊ नये म्हणून उपसा आणि विल्हेवाट या दोहोंस परवानगी घ्यावी लागते. चिखल हा बंदराचा शत्रू असला, तरी पक्ष्यांचे ते अन्नछत्र आहे.

८. आराखड्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

वरील विवेचनावरून लहान भरती-बंदराचे पुनरुज्जीवन करू पाहणाऱ्यांनी आधी काय पाहावे, हे ठरविता येते.

प्रथम, किमान एक वर्षभर पाण्याचा गढूळपणा मोजावा. उधाण व भांग, हिवाळा व उन्हाळा, वादळ व निवांत दिवस या सर्व स्थितींतील नमुने घ्यावेत. एका शांत दिवसाचा नमुना फसवा असतो.

दुसरे, आत घेतले जाणारे पाणी शक्य तेवढे कमी ठेवावे. कुंड गरजेपेक्षा मोठे करू नये आणि गरज नसताना दार उघडे ठेवू नये. पाणी कमी, तर माती कमी.

तिसरे, तळाशी झडपांची सोय मूळ आराखड्यातच असावी. भिंत बांधून झाल्यावर तिला भोक पाडणे अवघड असते.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे, उपशाचा वार्षिक खर्च बांधकामाच्या खर्चाबरोबरच मांडावा व तो कोणत्या उत्पन्नातून भागवावयाचा, हे लेखी ठरवावे. बांधकामास एकरकमी साहाय्य मिळणे त्या मानाने सोपे असते. दरसालचा खर्च उचलण्यास मात्र कोणी सहज पुढे येत नाही.

पाचवे, बंदराचा लाभ केवळ होड्यांच्या संख्येवर मोजू नये. वॉचेटच्या पूर्व धक्क्यावर स्थानिक लोकांच्या पुढाकाराने २०२१ मध्ये एक कलाकेंद्र सुरू झाले. पायी येणारा पाहुणाही बंदर पाहावयासच येतो. त्याच्या येण्यास उंबरठ्यावरील पाण्याची अट नसते. पाण्यातील आणि जमिनीवरील उत्पन्न एकत्र धरले, तर बंदर राखणे गावास अधिक सुलभ होईल.

आपल्या देशातही खंबायतच्या आखातापासून हुगळीच्या मुखापर्यंत भरती आणि गाळ यांचे हे नाते पदोपदी दिसते. बंदर बांधणाऱ्यास प्रथम किती पाणी अडेल याचा विचार सुचतो, ते स्वाभाविक आहे. त्याच कागदावर, त्याच दिवशी, त्या पाण्याबरोबर किती माती अडेल हेही लिहिले जावे. वॉचेटने जे किंमत देऊन शिकले, ते इतरांस अभ्यासाने शिकता येईल.

करून पाहा

काचेचे दोन सारखे पेले घ्या. दोन्हींत सारखेच पाणी व प्रत्येकी अर्धा चमचा बारीक चाळलेली चिकणमाती टाका. एका पेल्यात एक चमचा मीठ घाला. दोन्ही पेले सारखेच ढवळून निश्चल ठेवा. दर दहा मिनिटांनी वरचे पाणी किती निवळले, ते लिहून ठेवा. कोणत्या पेल्यातील पाणी आधी निवळते? दुसऱ्या दिवशी दोन्ही पेले पुन्हा पाहा.

स्वाध्याय

१. कक्षा ६ मीटर असताना भरतीच्या तिसऱ्या तासात पाणी किती चढेल? बारा भागांच्या नियमाने काढा.

२. सहाव्या भागातील हिशेबात प्रत्येक भरतीस ४ मीटरांऐवजी २ मीटर पाणी आत घेतले आणि बाकीचे सर्व आकडे तेच ठेवले, तर वर्षाचा गाळाचा थर किती होईल? यासाठी उंबरठा उंच करावा लागेल की ठेंगणा? त्याचा होड्यांच्या ये-जा करण्यावर काय परिणाम होईल?

३. ब्रुनेलने पाणी बांधाच्या माथ्यावरून सोडण्याऐवजी तळातून सोडण्यास का सांगितले, ते आकृती काढून स्पष्ट करा.

४. तुमच्या जवळ खाडी, नदीमुख अथवा तलाव असल्यास तेथे गाळ कोठे साचतो, ते पाहून या पाठातील कारणांशी पडताळून घ्या.